आधी वही, मग गच्ची: इंदूरच्या घरात स्वच्छ ऊर्जेचं छोटं काम कसं उभं करावं

लोकमान्य नगरातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक वही टांगलेली आहे. पूर्वी सासूबाई तिच्यात दुधाचा हिशेब लिहायच्या. आता रोज सकाळी सातला तिच्यात विजेच्या मीटरचं रीडिंग उतरतं. गच्चीवर सोलर बसवून आम्हाला चार वर्षं झाली. ओळखीचं कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं, "कोणतं पॅनल घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं: पॅनल नंतर, आधी एक महिना वही ठेवा. पॅनल वीज तयार करतं, पण आपली वीज जाते कुठे ते फक्त वही सांगते. आणि ते कळल्याशिवाय घातलेला पैसा निम्मा वाया जातो.

हा लेख घर किंवा छोटी सोसायटी डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. ज्या क्रमाने आम्ही केलं, आणि ज्या क्रमाने करायला हवं होतं, ते दोन्ही यात आहे.

वही कशी ठेवायची

तारीख, रीडिंग आणि कालपासूनचा फरक, एवढे तीन रकाने पुरतात. महिनाभरात कळतं की कोणत्या दिवशी खप उसळतो. आमच्याकडे तो सोमवारी उसळायचा, कारण रविवारचे साठलेले कपडे सोमवारी इस्त्रीला निघायचे.

त्यानंतर एकेक उपकरण तपासा. त्यासाठी यंत्र लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं सगळं बंद करा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज झिरपते आहे. राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टरचा चार्जर असं काही सापडेल. काहीच सापडलं नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलावून वायरिंग तपासून घ्या. आता एक जुना पंखा पूर्ण वेगाने लावा आणि दिव्याचे ठोके, म्हणजे लुकलुकणं, मोजा. ३२०० ठोक्यांच्या मीटरवर मिनिटाला चार ठोके म्हणजे ७५ वॉट. त्याच जागी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला की पाच मिनिटांत जेमतेम आठ ठोके, म्हणजे ३० वॉट. आमच्या मुलीने पाचवीत असताना हा हिशेब स्वतः करून पाहिला आणि नंतर घरभर प्रत्येक पंख्याखाली उभी राहून ठोके मोजत होती. पंखे बदलायला मला जाहिरातीने नाही, त्या आठ ठोक्यांनी तयार केलं.

इंदुरात पाणी वाचवणं म्हणजे वीज वाचवणंच

ही गोष्ट आपल्या शहरापुरती फार मोठी आहे आणि सोलरच्या चर्चेत ती येतच नाही.

आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून येतं. नर्मदेचं पात्र तिथे समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटरवर, तर इंदूर साडेपाचशेवर. म्हणजे प्रत्येक थेंब निदान चारशे मीटर चढवून आणलेला असतो. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने एक युनिटाच्या थोडी वर वीज लागते. पंपाची आणि पाइपातल्या घर्षणाची तूट धरली की ती दीड युनिटाच्या पुढे जाते. पाणी आपल्या अंगणातल्या टाकीत पडण्याआधीच एवढी वीज खर्च झालेली असते. महापालिकेला हे बिल इतकं जड जातं की २०२३ च्या फेब्रुवारीत तिने ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूदला ६० मेगावॉटचा सोलर प्रकल्प उभारून याच पंपांना वीज द्यायला.

आता आपल्या घराकडे या. बहुतेक वस्त्यांत पाणी दिवसाआड येतं, खालच्या टाकीत साठतं आणि पंपाने वर जातं. वरची टाकी भरून दहा मिनिटं वाहत राहिली की तीन-चारशे लिटर पाणी गेलं. म्हणून दोन कामं पहिल्याच आठवड्यात करा. वरच्या टाकीला चांगला फ्लोट बॉल किंवा पंप आपोआप बंद करणारा सेन्सर बसवा. आणि पंप लावायची वेळ सकाळी सहाऐवजी अकरा ते दोन करा. पुढे सोलर बसलं की हाच पंप उन्हावर चालेल. पाणी सकाळीच येत असलं तरी ते खालच्या टाकीत थांबू शकतं, त्याला वर जायची घाई नसते.

पंखे, दिवे, गिझर: पैसा आधी इथे

पाच जुने पंखे रोज बारा तास चालले तर साडेचार युनिटं. तेच पाच बीएलडीसी असतील तर एक युनिट आणि ऐंशी शतांश. रोजची बचत २.७ युनिटं. एवढी वीज गच्चीवर तयार करायची तर साधारण पाऊण किलोवॉटचं पॅनल लागेल आणि त्याला चाळीस हजारांच्या आसपास खर्च येईल. पाच पंखे पंधरा हजारांत येतात. दोन्हींचं काम एकच असेल तर सुरुवात कुठून करायची हे उघड आहे.

दिवे बहुतेकांकडे आता एलईडी आहेत, ते सोडून देते. गिझरचं मात्र बोलायला हवं. रोज दोन-तीन बादल्या गरम पाणी लागणाऱ्या घरात १०० लिटरचा सोलर वॉटर हीटर वर्षाला हजार ते दीड हजार युनिटं वाचवतो. अडचण बोरिंगच्या पाण्याची. माळव्यातल्या खडकातलं पाणी जड असतं आणि काचेच्या नळ्यांत पांढरा क्षार धरतो. हीटरला नर्मदेचंच पाणी जोडा. ते शक्य नसेल तर वर्षातून एकदा नळ्या साफ करून घेण्याचा करार आधीच करा.

मध्य प्रदेशात आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा खप १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटांना शंभरच रुपये पडतात. १८० युनिटांचं घर पंखे आणि पंप नीट करून १४० वर आलं तर बिल एकदम कोसळतं. अशा घराला सोलरचा पैशात फारसा फायदा नाही, आणि हे सांगणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही. माझं मत विचाराल तर महिन्याला अडीचशेच्या वर युनिटं जळणाऱ्या घरांनीच गच्चीकडे वळावं. एसी असेल, एकत्र कुटुंब असेल, खाली दुकान असेल, तर जरूर.

गच्चीची सावली खडूने मोजा

एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. त्यातला "बिनसावलीची" हा शब्द मला महागात पडला.

आमचं सोलर जूनमध्ये बसलं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत गच्चीवर सावली दिसतच नाही. बसवणाऱ्याने पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला दोन पॅनल लावली आणि मीही मान डोलावली. डिसेंबरात वहीतले आकडे घसरले. थंडीत दिवस लहान, म्हणून थोडी घट मी धरलीच होती, पण ही फारच होती. भर दुपारी वर जाऊन पाहिलं तर टाकीची सावली त्या दोन पॅनलांच्या खालच्या कडेवर आडवी पडलेली. पॅनलं एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की सगळ्या माळेला ओढ बसते. दोन्ही पॅनलं हलवायला पुन्हा पैसे मोजावे लागले.

तेव्हा असं करा. सर्वात वाईट सावली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात असते. त्या दिवसांत सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि दुपारी साडेतीनला गच्चीवर जाऊन टाकी, कठडा, जिन्याची खोली, शेजारचा आंबा, सगळ्यांच्या सावल्या खडूने आखा आणि फोटो काढून ठेवा. डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर हिशेब सोपा आहे. इंदुरात त्या दिवसांत दुपारी सावली वस्तूच्या उंचीएवढी असते, आणि सकाळी साडेनऊला किंवा दुपारी साडेतीनला उंचीच्या दुप्पट. पाच फूट टाकीच्या उत्तरेला पाच फूट जागा तर सोडायचीच, ईशान्य आणि वायव्येला दहा फूट. पॅनलांचं तोंड दक्षिणेला, कल साधारण २२ अंश. जागा दक्षिणेला मिळत नसेल तर पश्चिम चालते, वर्षाच्या उत्पादनात थोडी घट येईल एवढंच.

शेजारी मोकळा प्लॉट असेल तर तिथे उद्या मजले चढतील हेही धरून चाला.

अर्ज आणि पैसे

'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉटपेक्षा मोठं बसवलं तरी अनुदान तेवढंच. बाजारभाव किलोवॉटला साधारण ५५ ते ७० हजार धरा.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, त्याला बिलावरचा आयव्हीआरएस नंबर (आपला वीज ग्राहक क्रमांक) लागतो. इथेच अर्धी इंदुरी घरं अडतात, कारण बिल अजून सासऱ्यांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. अनुदान ज्याच्या नावाने जोडणी आहे त्याच्या बँक खात्यात येतं. म्हणून वीज कंपनीच्या झोन ऑफिसात जाऊन नाव बदलून घेणं हे पहिलं काम. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराची कागदपत्रं यांत महिना सहज जातो. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, त्यामुळे वीज कंपनीकडून मंजुरी लवकर येते.

विक्रेता पोर्टलवर नोंदलेलाच हवा, आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचं, ज्याला बाजारात 'डीसीआर पॅनल' म्हणतात. यांतलं एकही चुकलं तर अनुदान नाही. निदान तीन जणांकडून लेखी कोटेशन घ्या आणि त्यात या गोष्टी लिहून मागा: पॅनलचा नि इन्व्हर्टरचा मेक आणि मॉडेल, सांगाड्याच्या लोखंडाची जाडी आणि गॅल्व्हनायझिंग, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार की सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभं करणार, आणि पाच वर्षांची देखभाल कोण करणार. "सगळं चांगलंच असतं ताई" या उत्तरावर थांबू नका.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचे दहा टक्के नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) बसून चालू झाल्यावर. कर्ज हवं असेल तर सरकारी बँका तीन किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय कमी व्याजाने देतात.

तीन किलोवॉटचा हिशेब असा: दिवसाला किलोवॉटमागे सरासरी चार युनिटं, त्यात पावसाळा आणि धूळ वजा केली तर वर्षाला चार हजार युनिटं. युनिटामागे सात रुपये धरले तर अठ्ठावीस हजार. अनुदान जाऊन खिशातून गेलेले लाखभर रुपये चार वर्षांच्या आत परत येतात, मात्र ती वीज तुमच्याच घरात लागत असेल तर. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना वीज कंपनी फार कमी भाव देते. "मोठंच बसवा, वीज विका" या सल्ल्यापासून लांब राहा.

बसवताना तुम्ही गच्चीवर हजर राहा

अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: पॅनलच्या बाजूचा, घराच्या बाजूचा आणि वीजरोधकाचा (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचा). एकाच खड्ड्यात तिन्ही तारा उतरवलेल्या मी पाहिल्या आहेत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी खड्ड्यात बादलीभर पाणी घाला. हे काम आमच्याकडे तुळशीच्या पाण्याबरोबरच होतं.

दुसरी गोष्ट, लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. पुष्कळ जणांना हा धक्का बसतो. ती बिघाड नव्हे. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनच्या तारेत आपली वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. बॅकअप हवाच असेल तर बॅटरीची हायब्रीड यंत्रणा लागते. तिचा खर्च बराच वाढतो, आणि इंदुरात आता लाइट जितकी कमी जाते त्यात तो सहसा परवडत नाही.

धूळ, कबुतरं आणि गेर

पॅनल पहाटे किंवा संध्याकाळी धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. बोरिंगचं पाणी वापरलंच तर लगेच मऊ वायपरने पुसा, नाहीतर पांढरे डाग राहतात आणि ते घासून निघत नाहीत. उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी, पावसाळ्यात जवळजवळ कधीच नाही. कबुतरांना खाली घरटं करता येऊ नये म्हणून कडेने जाळी लावा.

राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत, गुलाल तीन-चार मजले उंच उडतो. सकाळी पॅनलांवर जुनी सुती चादर बांधा, संध्याकाळी काढा. नाही जमलं तर त्याच रात्री धुवा. सकाळच्या दंवात भिजला की तो घट्ट धरून बसतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

गच्ची सगळ्यांची असते, म्हणून सुरुवात सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्या सामायिक मीटरवर सोलर बसवायला सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. माझा अनुभव असा की ठराव आकड्यांनी पास होतो. सामायिक मीटरची तीन महिन्यांची वही सभेत ठेवा आणि पंपाची वेळ दुपारची करण्याचा ठराव त्याच सभेत घ्या.

बायोगॅस आणि सोलर कुकर

पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र विकसित केलं आणि २००६ साली त्याला स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मराठी माणसाचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. तरीही इंदूर शहरात ते घरी बसवा असं मी सांगणार नाही. आपला ओला कचरा वेगळा गोळा होऊन देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालेला हा प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा पचवून बायो-सीएनजी बनवू शकतो. तो कचरा घरी अडवला तर गॅस तुमचा झाला, पण हवेतला कार्बन फारसा कमी झाला नाही. हेच संयंत्र महू, देवास, धारकडच्या गावात, जिथे दोन गाई आहेत आणि कचरा उकिरड्यात जातो, तिथे खरं काम करतं. माहेर किंवा शेत तिकडे असेल तर तिथे बसवा.

सोलर कुकर मात्र जरूर घ्या. ऑक्टोबर ते जून आपल्याकडे ऊन भरपूर असतं. वरण दोन तासांत होतं, भाजणीसाठी धान्य वाळतं, शेंगदाणे भाजले जातात. बघायचं असेल तर इंदूरजवळच्या सनावदिया गावात, सोलर कुकिंगचा प्रसार करणाऱ्या पद्मश्री जनक पलटा मगिलिगन यांच्या केंद्रात जाऊन या. एक किलो एलपीजी जळली की तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमागे साधारण ४२ किलो.

कार्बनचा खरा हिशेब

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटामागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या राज्याची बरीच वीज खंडव्याच्या सिंगाजीसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते. तेव्हा वहीत चौथा रकाना आखा: वाचलेली किंवा तयार झालेली युनिटं गुणिले ०.७२. तीन किलोवॉटच्या सोलरला वर्षाला २,८८० किलो. पाच पंख्यांना, वर्षातले आठ महिने धरून, ४७० किलो.

"हे कार्बन क्रेडिट विकता येतील का?" असं हमखास विचारलं जातं. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि तुमच्याकडे वर्षाला तीनसुद्धा नाहीत. मोजणी, नोंदणी आणि तपासणीचा खर्च त्याच्या कितीतरी पट. हे एकत्र बांधूनच जमतं. नेपाळने हजारो घरगुती बायोगॅस संयंत्रं एकत्र करून २००५ मध्ये क्योतो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत (विकसनशील देशांतल्या प्रकल्पांची क्रेडिट श्रीमंत देशांना विकत घेऊ देणाऱ्या व्यवस्थेत) नोंदवली. इंदूरनेही कचरा आणि सोलरचे प्रकल्प एकत्र करून क्रेडिट विकली आहेत. घराघरातून फॉर्म भरून घेणाऱ्या एजंटाला मात्र पैसे देऊ नका.

आकडे फुगवण्याचा मोह मोठ्यांनाही सुटत नाही. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं की त्यांनी तपासलेल्या सुधारित चुलींच्या प्रकल्पांनी प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट घेतली होती. नवी चूल आली, पण जुनीही जळत राहिली, आणि तिची नोंद कुणी केली नाही. आपल्याकडेही असंच होतं. सोलर आलं म्हणून दुसरा एसी लागतो, मग पॅनलचे २,८८० किलो लिहून एसीचे वगळता येत नाहीत. म्हणून मी एकूण खप पूर्वीसारखाच रोज लिहिते आणि गुढीपाडव्याला दोन्ही वर्षांची बेरीज शेजारी शेजारी मांडते.

गेल्या आठवड्यात समोरच्या काकू बिलांची पिशवी घेऊन आल्या. महिन्याचा खप तीनशेच्या घरात. सोलरचं कोटेशनही त्यांनी आणलं होतं, पाच किलोवॉटचं. आम्ही आधी त्यांच्या मीटरचे ठोके मोजले, पंखे बदलायची यादी केली, तेव्हा दोन किलोवॉट पुरेल असं दिसलं. गच्चीवर त्यांची टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे, तिथे खडू घेऊन पुढच्या रविवारी जायचंय. बिलावर अजून त्यांच्या सासऱ्यांचं नाव आहे. सोमवारी आम्ही दोघी झोनवर जाणार आहोत.